दिवाळीचे पाकीट

तालुक्याच्या गावातील कापडदुकानात दिवाळीचा पाडवा हा नव्या वह्यांचा दिवस असतो, तसाच तो नोकरमंडळींच्या पगाराचा निकाल लागण्याचाही दिवस असतो. आमच्या दुकानात ही प्रथा आजोबांपासून चालत आली. वहीपूजन झाले, पेढ्यांचे ताट फिरले, की वडील गादीवर बसल्या बसल्या एकेकाला हाक मारीत. तो पुढे येऊन नमस्कार करी. वडील त्याच्या हातात एक बंद पाकीट ठेवीत आणि वाढलेल्या पगाराचा आकडा हळू आवाजात सांगत. पाकीट तेथे कोणी उघडीत नसे आणि शेजाऱ्याला किती मिळाले हेही कोणी विचारीत नसे. मला लहानपणापासून हे दृश्य फार आवडे. देणाऱ्याच्या चेहऱ्यावरील समाधान मी जवळून पाहिले होते. घेणाऱ्याच्या मनात काय चालते, हे समजायला मात्र मला वयाची अठ्ठावन्न वर्षे लागली.

आमचे दुकान अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात आहे. आजोबांनी ते १९५२ साली सुरू केले. २०१८ साली दुकानात अकरा माणसे होती. साडी विभागात चार विक्रेते, शर्टिंग-सूटिंग आणि रेडिमेड मिळून तीन, गोदामातून माल काढून देणारे दोन मदतनीस, फॉल-पिको व घड्यांचे काम पाहणाऱ्या एक ताई आणि संगणकावर बिले करणारा एक तरुण. वर्षाची विक्री सुमारे दोन कोटी चाळीस लाखांची. शहरातील मोठ्या व्यापाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचा संसार एवढ्याच आकाराच्या दुकानांवर उभा आहे. म्हणून हा अनुभव, माझ्या चुकांसह, वाचकांपुढे ठेवीत आहे.

साडी विभागात आमचे मामा बसत. १९९१ च्या पाडव्याला ते कामाला लागले. माझ्या मुलांना ते सायकलवरून शाळेतून घरी आणीत. मुले त्यांना मामा म्हणू लागली आणि पुढे साऱ्या बाजारपेठेने तेच नाव उचलले. दुकानाच्या शटरची एक किल्ली त्यांच्याजवळ असे. नऊवारीच्या काठावरून बोट फिरवून ते सूत कोणते आणि रेशीम किती हे सांगत. एखाद्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधताना तिच्या आईच्या बस्त्यातील शालूचा रंग त्यांना आठवे. कित्येक घरांतील बाया दुकानात शिरतानाच विचारीत, "मामा आहेत ना?" मामा जेवायला गेले असतील तर त्या थांबत.

१ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला. कापडावर पाच टक्के कर आला आणि हाताने बिले फाडण्याचे दिवस संपले. संगणक जाणणारा तरुण बारा हजारांच्या खाली यायला तयार नव्हता. आम्ही त्याला तेवढ्यावर ठेवले. त्या वेळी मामांचा पगार अकरा हजार होता. पुढच्या पाडव्याला तो साडेअकरा झाला. ही विसंगती माझ्या लक्षात आली नव्हती असे मी म्हणणार नाही. नव्या माणसाचा पगार बाजार ठरवतो आणि जुन्या माणसाचा आपण ठरवतो, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती. जुना माणूस आता जाणार कोठे, हा त्या समजुतीतील न उच्चारलेला भाग होता.

त्याच सुमारास महामार्गालगत मोठी, वातानुकूलित दुकाने उघडू लागली आणि आमच्या विक्रीला ओहोटी लागली. माणसांना कामात पूर्वीसारखी गोडी राहिलेली नाही, असे मला वाटू लागले. एका व्यापारी स्नेह्याने उपाय सांगितला, "कमिशन लावा. ज्याची विक्री, त्याला पैसे. मग बघा कशी पळतात माणसं." मला तो पटला. २०१८ च्या पाडव्याला मी योजना जाहीर केली. प्रत्येक विक्रेत्याला महिन्याचे लक्ष्य ठरवून दिले. त्यावरच्या विक्रीवर एक टक्का. बिलावर विक्रेत्याचा क्रमांक येऊ लागला आणि महिनाअखेर नावांची उतरती यादी गोदामाच्या दारावर लागू लागली.

पहिले दोन महिने लग्नसराईचे होते. विक्री वाढली आणि मी स्वतःवर खूश झालो. मग एकेक गोष्ट दिसू लागली. गिऱ्हाईक पायरी चढताच दोन विक्रेते एकदम पुढे होत. पण एखादी म्हातारी ब्लाउजपीस मागायला आली, की तिच्याकडे कोणी पाहीना. उलगडून ठेवलेल्या पन्नास साड्यांची घडी घालायला कोणी हात लावीना, कारण घडीवर टक्का नव्हता. माल काढून देणारे मदतनीस आणि फॉल-पिकोच्या ताई योजनेच्या बाहेर होत्या. त्यांचे हात मंदावले. विक्रेता घाई करी, ताई म्हणत, "मला काय त्याचं?" त्या चुकीचे बोलत नव्हत्या.

जानेवारीत एक शेतकरी गृहस्थ एकटेच दुकानात आले. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचा बस्ता आमच्याकडे बांधला होता. हातातल्या पिशवीतून त्यांनी दोन साड्या काढून काउंटरवर ठेवल्या. "शेठ, या परत घेता आल्या तर बघा. पोरीपुढं नाही म्हणता आलं नाही, पण हिशेब पार बिघडला." पाच हजारांची साडी पाहायला आलेल्या त्या कुटुंबाला आमच्या विक्रेत्याने नऊ हजारांच्या दोन साड्या, मुलीच्या डोळ्यांत पाहून, गळ्यात घातल्या होत्या. मी साड्या परत घेतल्या आणि संध्याकाळी त्या विक्रेत्याला बोल लावले. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, यादीत वर यायचं तर असंच विकावं लागतं." यादी मीच लावली होती. मला पुढे बोलता आले नाही.

त्या यादीत मामा सर्वांत खाली असत. गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा अंदाज घेऊन त्याला शोभेल आणि परवडेल तीच साडी काढायची, ही त्यांची सवय. एका नऊवारीसाठी ते अर्धा तास देत. सत्तावीस वर्षे आमच्या दुकानाची पत ज्या सवयीवर उभी होती, तीच माझ्या तक्त्यात कमतरता म्हणून उमटत होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एका सकाळी पगाराच्या यादीचा छापील कागद चुकून काउंटरवर राहिला. तो कोणी कोणी वाचला मला ठाऊक नाही. मामांनी वाचला, एवढे नक्की. त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे काम केले. रात्री शटर ओढून झाल्यावर किल्ली माझ्यासमोर गादीवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊशेठ, उद्यापासून मी येणार नाही." कारण विचारले तर म्हणाले, "गुडघे दुखतात." आणि सायकल काढून गेले.

दहा-बारा दिवसांनी मी त्यांच्या गावी गेलो. आमच्या गावापासून ते नऊ किलोमीटरवर आहे. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो, हे वाटेत लक्षात आले आणि गाडीत बसल्याजागी संकोच वाटला. मामांनी ओसरीवर सतरंजी अंथरली. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हणालो, "मामा, पगार वाढवतो. परत चला." मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पगार कमी आहे हे मला आधीही माहीत होतं, भाऊशेठ. तो कमी का आहे, हे कोणी सांगितलं नाही. मला येत नाही असं काय, ते तरी सांगायचं होतं."

थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "दिवाळीचं पाकीट मी कधी वाटेत उघडलं नाही. घरी नेऊन देवापुढं ठेवायचो, मग उघडायचो. कधी सात हजार निघायचे, कधी चार. मोठ्या शेठनी कधी कमी मनानं दिलं नाही, ते मला माहीत आहे. पण पोरीचं लग्न ठरवताना सोयरे विचारतात, दिवाळीला किती येतील? मी काय सांगणार? पाकीट उघडल्याशिवाय मला कुठं ठाऊक?"

परतताना हे शब्द डोक्यातून जाईनात. वडिलांच्या उदारपणाविषयी मला आजही शंका नाही. नोकरांच्या आजारपणात ते दवाखान्याचे बिल भरीत, मुलींच्या लग्नात कापड देत. पण त्या साऱ्या देण्याचा नळ आमच्या हातात होता. किती सोडायचा, केव्हा बंद करायचा, हे आम्ही ठरवीत होतो आणि खाली घागर धरून उभ्या असलेल्या माणसाला घागर भरेल की नाही हे कधीच सांगता येत नव्हते.

या प्रश्नावर एका जैन घराण्यातील भाऊ आणि बहीण एकदा समोरासमोर उभे राहिले होते. १९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ पसरली. कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी त्यांना प्लेगचा बोनस देऊ केला. काही ठिकाणी तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत होता. साथ ओसरली, तेव्हा मालकांनी तो बंद करायचे ठरवले. पण युद्धामुळे महागाई वाढलेली होती आणि त्या रकमेवर कामगारांचा संसार बेतला गेला होता. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या भगिनी अनसूयाबेन. गांधीजींनी सर्व बाजू पाहून ३५ टक्के वाढ रास्त ठरवली. मालक २० टक्क्यांवर अडले. मार्च १९१८ मध्ये गांधीजींनी उपवास केला, प्रकरण लवादाकडे गेले आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. पुढे १९२० साली त्याच शहरात मजूर महाजन संघ उभा राहिला. मला त्या हकिकतीतून एवढेच उमगले, की मर्जीने दिलेले आणि मर्जीने थांबवलेले धन, मुळात न दिलेल्या धनापेक्षा जास्त दुखावते.

मी कमिशनची यादी काढून टाकली आणि नव्याने हिशेबाला बसलो. माझी सून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तिने आणि आमच्या सीएंनी मदत केली. तिने प्रथम एक साधा कागद केला. डावीकडे प्रत्येकाच्या सेवेची वर्षे, मध्ये त्याला येणारी कामे, उजवीकडे पगार. तो कागद पाहून मला लाज वाटली. पगाराचा मेळ सेवेशी बसत नव्हता आणि कामाशीही नव्हता. ज्याने ज्या वर्षी नोकरी सोडण्याची धमकी दिली होती, त्याचा पगार त्या वर्षी वाढला होता. जो कधी बोलला नाही, तो मागे राहिला होता.

आम्ही चार पायऱ्या ठरवल्या. मदतनिसाला नऊ हजार, विक्रेत्याला दहा, दोन विभागांचा माल जाणणाऱ्या विक्रेत्याला साडेअकरा आणि विभागप्रमुखाला तेरा हजार. एका पायरीवरून दुसरीवर जायला काय काय यायला हवे, ते मराठीत लिहून काढले. सूत ओळखणे, मापे घेणे, बिल करणे, मालाची नोंद ठेवणे, नव्या माणसाला शिकवणे, वगैरे. याशिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दरमहा दीडशे रुपये. फॉल-पिकोच्या ताई विक्रेत्याच्या पायरीवर आल्या. संगणकावरील तरुणाचा मूळ पगार तसाच राहिला. शासनाने किमान वेतनाचे दर बदलले, की तळाच्या पायरीचा आकडा त्याप्रमाणे हलवायचा, असेही ठरले.

या तक्त्यात मी मामांचे नाव घालून पाहिले. विभागप्रमुखाचे तेरा हजार आणि सत्तावीस वर्षांचे चार हजार पन्नास; एकूण सतरा हजार पन्नास. ते घेत होते साडेअकरा हजार. तो कागद मी घडी करून ठेवून दिला आहे.

दिवाळीचा बोनस वर्षाच्या वेतनाच्या बाराव्या हिश्श्याइतका, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा, लेखी ठरवला. १९६५ च्या बोनस कायद्याने ८.३३ टक्क्यांची जी किमान मर्यादा घातली, ती हीच. त्यावर विक्रीचा वाटा ठेवला तो मात्र सर्वांचा मिळून. मागील दोन वर्षांच्या त्याच तिमाहीच्या सरासरीहून विक्री जेवढी वाढेल, त्याचे दोन टक्के एका गल्ल्यात जमा करायचे. परत आलेला माल त्यातून वजा करायचा. उरलेली रक्कम हजेरीप्रमाणे अकराही जणांना सारखी वाटायची. एकाच वर्षाशी तुलना केली नाही, कारण आपल्या धंद्यात पंचांग फसवते. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे मे-जूनमधील लग्ने हुकली होती. तेवढ्याच वर्षाशी ताडून पाहिले असते तर २०१९ चा उन्हाळा कोणाच्याही मेहनतीशिवाय मोठा दिसला असता.

उचलीचाही नियम केला. पूर्वी उचलीची लाल वही आमच्याजवळ असे आणि ज्याची उचल फिटलेली नाही, तो नोकरी सोडू शकत नसे. आम्ही तिला मदत म्हणत होतो. प्रत्यक्षात ती बेडी होती. आता दोन महिन्यांच्या पगारापर्यंत बिनव्याजी उचल मिळते, दहा हप्त्यांत फिटते आणि कोणी सोडून गेला तर हिशेब करून मोकळा होतो.

धाकटा बंधू या साऱ्याला तयार नव्हता. "आपण देतो ते काय कमी आहे? अडीअडचणीला कोण धावतं? आणि तिमाहीची विक्री नोकरांना सांगायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या दुकानात पोहोचणार." त्याचे दुसरे म्हणणे व्यवहाराचे होते, म्हणून आम्ही आकडा न सांगता वाढीची टक्केवारी आणि गल्ल्यातील रक्कम सांगायची ठरवली. पहिल्या म्हणण्याला मात्र हिशेबानेच उत्तर द्यावे लागले. महिन्याचे पगारबिल १,१४,००० वरून १,२९,५०० झाले. वर्षाला १,८६,००० रुपयांची वाढ. पाकिटांत एकूण सुमारे सत्तर हजार जात होते, तेथे आता १,२९,५०० जाणार. म्हणजे आणखी ५९,५००. एकंदर २,४५,५०० रुपये. आमचा ढोबळ नफा वीस टक्के धरला, तर हा खर्च भरून निघायला वर्षाला सव्वाबारा लाखांच्या आसपास, म्हणजे दिवसाला चार हजारांची जादा विक्री हवी. मी बंधूला विचारले, "मामांना विचारीत येणाऱ्या आणि ते नाहीत म्हणून परत जाणाऱ्या बाया रोज किती?" त्याने उत्तर दिले नाही, पण आठ दिवसांनी तक्त्याखाली सही केली.

याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जिला फारसा खर्च नव्हता. जुन्या पद्धतीच्या दुकानात विकणारा आणि घेणारा दोघेही गादीवर बसत. १९९८ साली आम्ही काउंटर केले, तेव्हा गिऱ्हाइकासाठी खुर्च्या आल्या आणि विक्रेता दिवसभर उभा राहिला. मामांचे गुडघे हे केवळ निमित्त नव्हते. कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी याच प्रश्नावर चळवळ केली आणि २०१८ साली केरळने कायदा बदलून दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देणे सक्तीचे केले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसे केले. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितलेले आहे. लहानपणी पाठशाळेत मला त्याचा अर्थ बैलावर जास्त ओझे लादू नये असा शिकवला होता आणि काउंटरमागे बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून तो शब्द मला कधी आठवला नव्हता. आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला सहा स्टुले ठेवली. आठवड्याची सुटी प्रत्येकाला पाळीने, पगारी आणि नक्की.

आणि मामांचा हिशेब राहिला होता. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानाला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता, हे मला ठाऊक होते. आपल्या घरगुती दुकानाला कोण विचारतो, अशा भरवशावर आम्ही वर्षे काढली होती. शेवटच्या पगाराला सव्वीसने भागून पंधराने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. साडेअकरा हजारांवर सत्तावीस वर्षांचे १,७९,१३५ रुपये झाले. एप्रिलमध्ये धनादेश आणि हिशेबाचा कागद घेऊन मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो.

मामांनी धनादेशाला हात लावला नाही. "हे बक्षीस का हिशेब?" त्यांनी विचारले.

"हिशेब," मी म्हणालो. "उशिरा केलेला."

त्यांनी कागद मागितला. चष्मा लावून, बोटाने एकेक ओळ धरून तो वाचला. भागाकार पुन्हा स्वतः करून पाहिला. मग आत हाक मारून सुनेला बोलावले आणि तिलाही दाखवला. "सही कुठं करायची?" ते म्हणाले. नव्या तक्त्यातील त्यांच्या पायरीचा आकडाही मी सांगितला आणि परत येण्याची विनंती केली. ते हसले. "आकडा चांगला आहे, भाऊशेठ. पाच वर्षांआधी सांगितला असता तर नाचत आलो असतो. आता नको." मी आग्रह केला नाही. तो करण्याचा अधिकार मला उरलेला नव्हता.

पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. नाहीतर ही गोष्ट फारच गोड वाटेल. पहिल्या तिमाहीत सामाईक गल्ल्यात काहीच जमले नाही आणि दोन चांगल्या विक्रेत्यांनी कुरकुर केली, की आमच्या मेहनतीचे इतरांना कशाला? त्यांतील एक महामार्गावरच्या दुकानात गेला. दुसऱ्या तिमाहीपासून मात्र मदतनीस स्वतः होऊन दोन वर्षे पडून राहिलेला माल बाहेर काढू लागले, कारण त्याच्या विक्रीत त्यांचाही वाटा होता. घड्या वेळेवर पडू लागल्या. परत येणारा माल कमी झाला. विक्री उडी मारून वाढली नाही. हळूहळू, खर्च भरून काढण्याइतकी वाढली.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लग्नसराईचा सारा हंगाम बुडाला. एप्रिलचे वेतन पूर्ण दिले. मे आणि जूनचे साठ टक्केच देता आले. उरलेले चाळीस टक्के प्रत्येकाच्या नावे देणे म्हणून वहीत लिहिले आणि त्याचा सहीचा कागद त्यांना दिला. दोन मदतनीस आपापल्या गावी शेतीकडे गेले, ते परतले नाहीत. बाकीचे नऊ जण टिकले. दुकान उघडल्यावर त्यांनीच जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले आणि माल घरपोच नेऊन दिला. ते देणे फिटायला २०२१ चा पाडवा उजाडला. त्या दिवशी आमच्या बंधूने स्वतः एकेकाला बोलावून रक्कम मोजून दिली आणि वहीतील ओळीवर रेघ मारली.

पाडव्याला आम्ही अजूनही पाकिटे देतो. त्यांत घरच्यांकडून एकशे एक रुपये आणि सोबत पेढ्याचा पुडा असतो. बोनसचा आकडा प्रत्येकाला दसऱ्यालाच लेखी मिळालेला असतो. त्याची साडी कोणती घ्यायची, मुलाची फी कोणती भरायची, हे घरोघर ठरून गेलेले असते.

वाचक बंधु-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. एखाद्या संध्याकाळी रोजमेळ मिळाल्यावर एका कागदावर आपल्या सर्वांत जुन्या माणसाचा आणि सर्वांत नव्या माणसाचा पगार शेजारी शेजारी लिहून पाहावा. त्यातील फरकाचे कारण त्या जुन्या माणसापुढे बसून सांगता येईल का, हे स्वतःला विचारावे. सांगता येत असेल तर उत्तमच. येत नसेल, तर तो किल्ली गादीवर ठेवण्याची वाट पाहू नये.

मामांनी त्या पैशांतून ओसरीवर ब्लाउजपीस आणि परकर-पोलक्याच्या कापडाचे छोटे दुकान थाटले आहे. माल ते आमच्याकडून नेतात. मी उधारीवर न्यायला सांगितले, तर ते ऐकत नाहीत. रोख देतात, बिल तपासतात आणि मग गादीवर माझ्याशेजारी बसून चहा घेतात. नऊवारी घ्यायला आलेल्या एखाद्या बाईचे त्यांच्याकडे लक्ष गेले, की ती मला ओलांडून त्यांनाच विचारते, "मामा, ही कशी वाटते?" मामा चहाचा कप खाली ठेवतात, काठावरून बोट फिरवतात आणि तिला तिच्या ऐपतीची साडी काढून देतात.